व्हीटीचा फोटो काढायचाय? आधी उभं कुठे राहायचं ते ठरवा

छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसचा (सीएसएमटी, म्हणजे जुनं व्हीटी) जो फोटो बहुतेक जण काढतात, तो एकच असतो. महापालिकेसमोरच्या फुटपाथवरून घेतलेला, मधोमध घुमट, खाली बसचं टप आणि कोपऱ्यात दोन अनोळखी डोकी. फोटो वाईट नसतो. पण तो आपल्याआधी लाखो लोकांनी काढलेला असतो, आणि घरी येऊन पाहिलं की आपला कुठला आणि दुसऱ्याचा कुठला हे सांगता येत नाही.

नवीन लेन्स घेतली की हे बदलेल असं सुरुवातीला वाटतं. तसं होत नाही. या इमारतीचा फोटो बदलतो तो तुम्ही कुठे उभे आहात, किती वाजलेत आणि त्या वेळी गर्दी कुठल्या दिशेनं चालली आहे यावर. या तीन गोष्टी कळल्या की मोबाइलवरही काम होतं. पुढचं सगळं पहिल्यांदाच कॅमेरा घेऊन तिथे जाणाऱ्यांसाठी आहे. ज्यांचे हात बसले आहेत त्यांनी थेट पाचव्या पायरीवर जावं.

१. आधी सूर्य आणि गर्दी समजून घ्या

इमारतीचा दर्शनी भाग पश्चिमेकडे, म्हणजे डी. एन. रोडकडे तोंड करून आहे. त्यामुळे सकाळी सूर्य तिच्या पाठीमागे असतो. समोरचा दगड सावलीत, आकाश पांढरं, आणि फोटोत एक तर इमारत काळी येते किंवा आकाश उडून जातं. दुपारनंतर ऊन पुढच्या बाजूला येतं आणि सूर्यास्ताआधीच्या तासाभरात तो पिवळसर दगड खरोखर तापल्यासारखा दिसतो. अगदी शेवटपर्यंत मात्र थांबू नका. समोरच्या इमारतींची सावली खालच्या मजल्यांवर चढायला लागते आणि वरचा घुमट तेवढा उजेडात राहतो. कधी कधी तेही छान दिसतं, पण पूर्ण इमारत उन्हात हवी असेल तर थोडं आधी पोहोचा.

पलीकडच्या महापालिका मुख्यालयाचं गणित साधारण उलटं आहे, त्याला सकाळचं ऊन मिळतं. या दोन्ही इमारती एकाच वास्तुविशारदाच्या, फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्सच्या. स्टेशनचं काम १८७८ ते १८८८ असं चाललं, महापालिकेची इमारत १८९३मध्ये पूर्ण झाली. सकाळी गेलात तर पालिका, संध्याकाळी गेलात तर व्हीटी, असा सरळ हिशेब ठेवा.

आता गर्दी. सकाळी साडेआठ ते साडेदहा लोक स्टेशनातून बाहेर पडतात, संध्याकाळी तीच माणसं आत शिरतात. म्हणजे सकाळी स्टेशनकडे तोंड करून उभं राहिलात तर चेहरे तुमच्याकडे येतात आणि मागे इमारत काळोखी असते. संध्याकाळी इमारत उजळलेली असते, पण माणसं पाठमोरी. चेहरे आणि उजेड दोन्ही एकदम मिळत नाहीत. काय सोडायचं हे घरून निघतानाच ठरवा. मला स्वतःला पाठमोरी गर्दी जास्त आवडते. लोकल पकडायला निघालेल्या माणसाची पाठच पुरेसं सांगते.

सूर्यास्ताची वेळ मोबाइलवर बघून घ्या. डिसेंबरच्या सुरुवातीला तो सहाच्या सुमारास होतो, जूनअखेर सव्वासात उलटून जातात. हिवाळ्यात धुरकं असतं, त्यामुळे लांबून काढलेले फोटो फिकट येतात. पावसाळ्यात उघडीप मिळाली तर हवा धुतलेली असते, आणि तेच दिवस सगळ्यात चांगले.

२. सोबत काय घ्यायचं

- मोबाइल किंवा कॅमेरा. कॅमेऱ्याला एक रुंद लेन्स (१६ ते ३५ मिमीच्या आसपास) आणि एक लांबची (७० ते २०० मिमी). एकच न्यायची असेल तर लांबची न्या, का ते पुढे येईल.
- मूठभर आकाराचा छोटा ट्रायपॉड, किंवा तांदळाची लहान पिशवी. कठड्यावर पिशवी ठेवून तिच्यात कॅमेरा रुतवला की दोन-तीन सेकंदांचं एक्स्पोजर (तेवढा वेळ उजेड आत घेणं) आरामात निघतं.
- मऊ कापड आणि पावसाळ्यात एक साधी प्लास्टिकची पिशवी.
- सरकारी ओळखपत्र. कोणी विचारलं तर लगेच दाखवता आलं पाहिजे.
- स्टेशनात जाणार असाल तर प्लॅटफॉर्म तिकीट किंवा प्रवासाचं तिकीट. प्लॅटफॉर्म तिकीट दोन तास चालतं, ते काढल्याची वेळ लक्षात ठेवा.

मोठा ट्रायपॉड घरी ठेवा. डी. एन. रोडचे फुटपाथ आधीच भरलेले असतात, तीन पाय पसरले की पाच मिनिटांत कोणीतरी अडखळतं आणि मग पोलीसही येतात. ड्रोनचा विचारही करू नका. मुंबई पोलिसांचे ड्रोनबंदीचे आदेश वेळोवेळी निघत असतात, आणि परवानगीशिवाय दक्षिण मुंबईत ड्रोन उडवणं म्हणजे थेट गुन्हा अंगावर घेणं.

३. पोस्टकार्ड काढून मोकळे व्हा

तो सगळ्यांनी काढलेला फोटो तुम्हीही काढा. काढला नाही तर मन तिथेच अडकतं. महापालिकेच्या कोपऱ्यावर, फिरोजशहा मेहतांच्या पुतळ्याच्या बाजूला उभं राहा आणि घाई करू नका.

इथली मुख्य अडचण म्हणजे इमारत मागे पडल्यासारखी दिसणं. कॅमेरा वर उचलला की दोन्ही बाजूच्या भिंती वर जाताना आत झुकतात. उपाय सोपा आहे: कॅमेरा सरळ धरा, क्षितिजाला समांतर, आणि खाली जास्तीचा रस्ता येऊ द्या. नंतर तो कापता येतो. मोबाइलमध्ये जाळीच्या रेषा चालू करून घुमटाची उभी रेष त्यांच्याशी जुळवा. अति रुंद लेन्सनं कडेचे मनोरे ताणले जातात. त्यापेक्षा दहा पावलं मागे जाऊन साधी लेन्स वापरलेली बरी.

सिग्नलकडे लक्ष ठेवा. गाड्या सुटल्या की समोर बस येतात, थांबल्या की काही सेकंद मोकळे मिळतात. पुनर्विकासाचं काम चालू असल्यामुळे पत्रे आणि क्रेनही चौकटीत घुसतात. ती टाळायची की मुद्दाम घ्यायची हा तुमचा प्रश्न. मी घेतो. दहा वर्षांनी त्या पत्र्यांवरूनच फोटोचं वर्ष ओळखता येईल.

४. मागे जा, आणखी मागे

लांबची लेन्स इथे कामाला येते. महापालिका मार्गावर आझाद मैदानाच्या कडेनं मेट्रो सिनेमाच्या दिशेला चालत राहा आणि अधूनमधून वळून बघा. जितके मागे जाल आणि जितकं जवळ ओढाल, तितका घुमट रस्त्यावरच्या गाड्यांच्या डोक्यावर येऊन बसतो. १५० ते २०० मिमीवर टॅक्सी, हातगाडी, पादचारी आणि घुमट एकाच पातळीवर असल्यासारखे दिसतात. प्रीमियर पद्मिनी २०२३मध्ये रस्त्यावरून गेल्या, पण काळा-पिवळा रंग अजून आहे आणि त्या राखाडी-पिवळ्या दगडापुढे तो उठून दिसतो. मोबाइलवर दुप्पट किंवा तिप्पट झूमची स्वतंत्र लेन्स असेल तरच हे करा. दहापट डिजिटल झूम केला की चित्राचं पीठ होतं.

दुसरी वाट हुतात्मा चौकाकडून डी. एन. रोडवरून उत्तरेला येणारी. या रस्त्यावरच्या जुन्या इमारतींना तळमजल्यावर कमानींचे व्हरांडे आहेत. त्यांच्या सावलीत उभं राहून कमानीतून स्टेशन बघा. पुढची कमान काळी, मागे उजेडातली इमारत, मधून कोणीतरी चालत जातंय. फोकस मागच्या इमारतीवर धरा आणि उजेडाचं मोजमापही तिच्यावरच, म्हणजे कमान आपोआप काळी होते. इथे फेरीवाले बसतात. त्यांच्या मालासमोर उभं राहून गिऱ्हाईक अडवू नका, बाजूला सरका. दोन मिनिटं बोललात तर उभं राहायला जागाही तेच करून देतात.

५. वर जा

आसपासच्या इमारतींच्या गच्च्यांवर जायला परवानगी लागते आणि ती सहसा मिळत नाही. सगळ्यांसाठी खुल्या असलेल्या दोन उंच जागा आहेत.

पहिली, हिमालय पूल. टाइम्सच्या इमारतीजवळ डी. एन. रोड ओलांडणारा हा पादचारी पूल मार्च २०१९मध्ये कोसळला, त्यात माणसं गेली. २०२३मध्ये तो नव्यानं उभा राहिला. पुलावरून दक्षिणेला बघितलं की खाली वाहता रस्ता आणि डावीकडे स्टेशनची बाजू. संध्याकाळी दिवे लागल्यावर रस्त्यावर एका बाजूला लाल आणि दुसऱ्या बाजूला पांढरा पट्टा तयार होतो. पण गर्दीच्या वेळी इथे थांबायचं नाही. माणसांचा लोंढा असतो आणि मध्येच उभा राहिलेला माणूस खरोखर धोकादायक ठरतो. रविवारी संध्याकाळी जा, कडेला राहा, दोन-चार फोटो घेऊन निघा.

दुसरी जागा चाकांवर आहे. बेस्टच्या नव्या इलेक्ट्रिक डबलडेकरपैकी ए-११५ ही बस सीएसएमटीहून नरिमन पॉइंटच्या एनसीपीए नाट्यगृहाकडे जाते. जुन्या डिझेल डबलडेकर सप्टेंबर २०२३मध्ये बंद झाल्या आणि उघड्या खिडकीतून फोटो काढायची मजाही गेली, कारण नव्या वातानुकूलित आहेत, काचा बंद. तरी वरच्या मजल्यावरची पुढची जागा मिळाली तर रस्त्यापासून दीड मजला वर बसून मोठ्या काचेतून शहर बघता येतं. परतीच्या फेरीत, म्हणजे बस स्टेशनकडे येत असताना, इमारत समोरून वाढत जाते. प्रतिबिंब टाळायला लेन्स थेट काचेला टेकवा आणि भोवती गडद रुमाल धरा. बस हलत असते, त्यामुळे शटर १/५०० सेकंदापेक्षा संथ नको. त्या जागेसाठी लहान मुलंही धावतात हे ध्यानात ठेवा. त्यांना द्या, पुढची बस आपली.

६. खाली जा

चौकाखालच्या भुयारी मार्गातून वर येणारे जिने लोक फक्त ये-जा करायला वापरतात. शेवटच्या चार-पाच पायऱ्या राहिल्या असताना कडेला थांबून वर बघा. जिन्याच्या चौकटीत आकाश आणि इमारतीचा वरचा भाग येतो, आणि खाली उतरणारी माणसं काळ्या आकृत्या होतात. कुठला जिना चालतो हे स्वतः फिरून बघा. एका जिन्यातून घुमट दिसतो, दुसऱ्यातून फक्त होर्डिंग.

पावसाळ्यात डबकी शोधा. मोबाइल उलटा धरायचा, म्हणजे लेन्स खालच्या बाजूला येते आणि पाण्यापासून बोटभर अंतरावर राहते. इतक्या खालून वीतभर डबकंही तळ्यासारखं दिसतं आणि अख्खा घुमट त्यात मावतो. वारा पडायची वाट बघा. डबकं फुटपाथवरचं निवडा, रस्त्याच्या कडेचं नको. बस आली की पाणी उडतं, आणि खाली वाकलेल्या माणसाला गाडी दिसत नाही.

७. जवळ जा

माझ्या मते खरी मजा इथे आहे, आणि नवशिके नेमकं हेच टाळतात. पूर्ण इमारत चौकटीत बसवायचा हट्ट सोडा आणि लांबच्या लेन्सनं भिंत वाचायला लागा.

फाटकाच्या खांबांवर एकीकडे सिंह, दुसरीकडे वाघ. सिंह ब्रिटनचा, वाघ हिंदुस्थानचा. सर्वात वर घुमटावर ‘प्रगती’ची मूर्ती, एका हातात उंच धरलेली मशाल, दुसऱ्या हाताशी चाक. दर्शनी त्रिकोणी भागांवर व्यापार, शेती आणि अभियांत्रिकी यांच्या आकृत्या आहेत. घड्याळाखालचा कोनाडा रिकामा दिसेल, तिथे राणी व्हिक्टोरियाचा पुतळा होता. घड्याळ आणि तो रिकामा कोनाडा एवढंच चौकटीत घेतलं तरी दीडशे वर्षांची गोष्ट येते.

भिंतीवर गोल चौकटीत कोरलेले चेहरे आहेत. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेच्या संचालकांचे हे मुखवटे, आणि त्यांत जगन्नाथ शंकरशेट आणि सर जमशेटजी जीजीभॉय हेही आहेत. १६ एप्रिल १८५३ला इथूनच, तेव्हाच्या बोरीबंदरहून, ठाण्याला पहिली गाडी निघाली. त्या रेल्वेमागे उभे राहिलेल्या नाना शंकरशेटांचा चेहरा रोज डोक्यावर असतो आणि खालून जाणाऱ्या मराठी माणसाला तो दिसत नाही. वेगवेगळ्या पगड्या-पागोट्यांची डोकी, मोर, माकडं, पानं, वेली, पाणी ओकणारी प्राण्यांची तोंडं, हे कोरीवकाम बरंचसं बॉम्बे स्कूल ऑफ आर्टच्या, म्हणजे आजच्या जे.जे.च्या विद्यार्थ्यांनी केलं. एक संध्याकाळ फक्त पगड्यांना द्या. पगड्यांचीच मालिका तयार होते.

या फोटोंना तिरकं ऊन लागतं. सपाट उजेडात कोरीवकाम चपटं होतं. दुपारी तीन ते साडेचारच्या आसपास, ऊन भिंतीवरून घसरत जात असताना, प्रत्येक पाकळीला स्वतःची सावली मिळते. कॅमेऱ्याचं एक्स्पोजर अर्धा-एक टप्पा (स्टॉप) खाली आणा, म्हणजे फोटो थोडा गडद घ्या, नाहीतर उन्हातला दगड पांढरा पडतो.

८. आत जा

इमारतीच्या उत्तर भागातला तिकीटघराचा दालनवजा हॉल बघितल्याशिवाय परत येऊ नका. याला स्टार चेंबर म्हणतात. निळ्या छतावर सोनेरी चांदण्या, खाली इटालियन संगमरवराचे खांब, आणि या सगळ्याखाली लोक कल्याण-डोंबिवलीचं तिकीट काढत उभे असतात. सेल्फीचा कॅमेरा चालू करा, मोबाइल छातीशी आडवा, स्क्रीन वर करून धरा आणि सरळ छताचा फोटो घ्या. रांगेत घुसू नका आणि तिकीट खिडकीवरच्या कर्मचाऱ्यांचे चेहरे घेऊ नका.

पुढे लोकलचे सात प्लॅटफॉर्म. गाडी येऊन थांबायच्या आधीच लोक उड्या मारतात, ते दृश्य सगळ्यांना हवं असतं. खांबाला टेकून, श्वास रोखून, १/४ ते १/२ सेकंद शटर ठेवा. खांब, घड्याळ, पाट्या स्थिर राहतात आणि गर्दी धुरासारखी वाहते. चेहरे ओळखू येत नाहीत हा वेगळा फायदा. पिवळ्या रेषेच्या पलीकडे जाऊ नका. रुळांच्या बाजूला झुकून सेल्फी घेणं हा गुन्हा आहे आणि जीवही जातो.

मुख्य घुमटाच्या खालचा जिना आणि रंगीत काचा मात्र रोजच्या प्रवाशाला दिसत नाहीत, कारण तिथे रेल्वेची कार्यालयं आहेत. वारसा संग्रहालयाच्या भेटीत काही भाग बघायला मिळतो. ही भेट कामाच्या दिवशी दुपारी असते. वेळ आणि तिकिटाची खात्री आधी करून जा, आणि आतल्या कुठल्या भागात फोटो चालतात हे तिथल्याच माणसाला विचारा.

९. अंधार पडताना

सूर्यास्तानंतर साधारण पंधरा ते पंचवीस मिनिटं आकाश गडद निळं असतं आणि इमारतीवरचे दिवेही लागलेले असतात. त्यानंतर आकाश काळं होतं आणि घुमटाची कड हरवते. त्या निळ्या वेळेसाठी अर्धा तास आधी जागा धरा.

आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) १००, लेन्सचं छिद्र एफ/८, शटर ४ ते १० सेकंद. एवढ्यात बसच्या दिव्यांच्या लांब रेषा मिळतात. कॅमेरा टेकवलेला हवा आणि दोन सेकंदांचा टायमर लावलेला, म्हणजे बटण दाबल्याचा धक्का बसत नाही. रोषणाई रंगीत असते, २६ जानेवारी आणि १५ ऑगस्टला तिरंगी. अशा वेळी लाल आणि निळा रंग पटकन भडक होऊन सगळा तपशील खातात. पडद्यावर चांगला दिसतोय त्यापेक्षा एक टप्पा अंधारा फोटो घ्या आणि शक्य असेल तर रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये. तिरंग्याच्या रात्री चौकात पाय ठेवायला जागा नसते. त्याच्या आदल्या दिवशी चाचणीची रोषणाई दिसते का ते एक चक्कर मारून बघायला हरकत नाही.

आणखी एक: रात्री स्टेशनाबाहेर माणसं झोपलेली असतात. त्यांचे फोटो काढू नका. घुमट आणि खाली झोपलेला माणूस हा विरोध दाखवायला सोपा आहे, म्हणूनच तो सगळे दाखवतात, आणि त्या माणसाला कोणी विचारत नाही.

१०. कोणी अडवलं तर

२६ नोव्हेंबर २००८ला याच स्टेशनात हल्ला झाला. मोठी बॅग, मोठी लेन्स आणि एकाच जागी तासभर उभा असलेला माणूस दिसला की आरपीएफ (रेल्वे सुरक्षा दल) किंवा पोलीस विचारणारच, आणि विचारावंच. ओळखपत्र दाखवा, काढलेले फोटो दाखवा, ‘हौस म्हणून काढतोय’ एवढं शांतपणे सांगा. मेटल डिटेक्टर, तपासणीची जागा, बंदोबस्तावरचे पोलीस आणि सीसीटीव्हीचे खांब यांचे जवळून फोटो घेऊ नका. जा म्हटलं तर जा, वाद घालून त्या संध्याकाळचा उजेड परत मिळत नाही.

हे सगळं हौशी फोटोंबद्दल झालं. लग्नाआधीचं शूट, जाहिरात, कपड्यांचा ब्रँड, पैसे घेऊन केलेलं कुठलंही काम असेल तर रेल्वेच्या हद्दीत मध्य रेल्वेच्या जनसंपर्क विभागाची लेखी परवानगी आणि शुल्क लागतं. अर्जात तारीख, वेळ, नेमकी जागा, माणसांची संख्या आणि सामानाची यादी द्यावी लागते. त्यात ट्रायपॉड आणि दिवे लिहायला विसरू नका, कारण यादीत नसलेली वस्तू फाटकावरच अडकते. परवानगीच्या पत्राची छापील प्रत खिशात ठेवा. मोबाइलमधली पीडीएफ दाखवायची वेळ येते तेव्हा बॅटरी बहुधा फोटो काढण्यातच संपलेली असते.